सरकीच्या गोदामातला कंट्रोलर

अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात, आपल्या घरातली माणसं बाहेर काढण्यासाठी इतका जीव टाकणारा माणूस माझ्या साडूभाऊंशिवाय दुसरा झाला नाही. कुणाला वाटत असेल झाला, तर त्यानं सुलतानपूरला येऊन माझ्याशी बोलावं, मी घरीच असतो. लोक माणसं धरून ठेवतात. साडूभाऊ रस्त्यावरचं पोरगं हाताला धरून घरात आणत, आणि मग ते घरातून कसं जाईल यासाठी वर्ष-दोन वर्षं मरमर मरत. शेवटी ते गेलं की ओसरीच्या खांबाला टेकून डोळे पुसत बसत. मी तिसरीपर्यंत शिकलेला, मळ्यात वांगी-मिरच्या लावणारा माणूस. मी तोंडावर सांगितलं होतं, "साडूभाऊ, जायचंच असन पोरानं, तर आणता काऊन?" ते म्हणाले, "तुम्ही रोप वाफ्यात लावता, मग उपटून दुसरीकडे नेता. तुमाले कोणी विचारते का, आधी लावलं काऊन?" मळ्यातलं मलाच शिकवत होते. मी चार महिने त्यांच्याशी बोललो नाही.

साडूभाऊ लोणारच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. महाराष्ट्र तेव्हा नवा होता, लाल गाड्याही नव्या होत्या आणि साडूभाऊंची खाकी टोपीही नवी होती. स्टँड म्हणजे एक पत्र्याचं छप्पर आणि खाली दोन बाकडी. पण साडूभाऊ त्या छपराखाली असे फिरत, जणू मुंबईचं मोठं टेसन त्यांच्या ताब्यात आहे. गाडी समोर उभी असली, चार माणसं तिच्यात चढत असली, तरी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडणार, "जालना गाडी लागली आहे हो, जालना." सगळ्यांना दिसत असे की लागली आहे. एकदा मी तसं म्हणालो, तर म्हणाले, "दिसते म्हणून माणूस चढते, असं नाही साडूभाऊ. कुणी तरी सांगावं लागते." मला ते तेव्हा निव्वळ येडेपण वाटलं.

शेवटची गाडी गेली तरी बाकड्यावरून न उठणारी पोरं त्यांना तिथंच दिसू लागली. सतरा-अठरा वर्षांची. कोणाला अनाथालयातून वय झालं म्हणून निघावं लागलेलं, कोणाला सावत्र आईनं काढलेलं, कोणाचा बाप कामाला म्हणून गेला तो आलाच नाही. साडूभाऊ विचारत, "कोणती गाडी पाह्यजे बे?" पोरगं म्हणे, "कोणतीच नाही." कंट्रोलरला याहून मोठा अपमान नाही. जगात कोणतीच गाडी नको असलेला माणूस त्यांच्या स्टँडवर बसलेला त्यांना खपत नसे. ते त्याला घरी घेऊन येत. नाव विचारत नसत. ज्या गाडीतून पोरगं उतरलं, तेच त्याचं नाव. चिखली, रिसोड, जालना, खामगाव. तुम्ही ओसरीत बसलेलं असावं आणि आतून ऐकू यावं, "अबे चिखली, रिसोडचा भाताचा गंज घासला नाही अजून," तर नव्या माणसाला वाटे दोन तालुक्यांची भांडणं लागली.

घर म्हणजे स्टँडामागचं सरकीचं जुनं गोदाम. एका व्यापाऱ्याचं ते रिकामं पडलं होतं. छपराची डागडुजी करा आणि राहा, असं तो म्हणाला. साडूभाऊंनी आत गोणपाटाचे पडदे लावून खोल्या पाडल्या आणि प्रत्येक खोलीला फलाट म्हणू लागले. तांबडं फुटायच्या वेळी ते मधोमध उभे राहून ओरडत, "फलाट एकवरची गाडी नळावर जाऊन राह्यली. फलाट दोन, दात घासा." अंथरूण न गुंडाळणारं पोरगं म्हणजे ब्रेकडाऊन झालेली गाडी. मग बाकीच्यांना दिवसभर त्याच्या खोलीवरून वळसा घालून जावं लागे, रस्ता बंद आहे म्हणून. पोरगं शेवटी लाजेनं उठे. बाजाराच्या दिवशी ते एकेका पोराला मिरच्या घ्यायला पाठवत आणि स्वतः मागे उभे राहत, तोंडाला कुलूप लावून. पोराला फसवलं तर फसू देत. एकदा रिसोडनं सडकी वांगी आणली ती माझ्याच भावकीतल्या माणसाकडून. मी म्हणालो, "मी बदलून आणतो." साडूभाऊ म्हणाले, "नाही. खाऊ द्या त्याले. जीभ ध्यानात ठेवते."

हे सगळं ऐकून हसू येतं, मीही हसत होतो. पण आधी असं नव्हतं. आधी त्या घरात फलाट नव्हते, नियम नव्हते. एक पोरगं होतं, जालना. सगळ्यात पहिलं. साडूभाऊंना मूलबाळ नव्हतं. माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची अक्का, त्या पोरावर अशी काही तुटून पडली की काय सांगावं. त्याला गरम भाकर. त्याच्या ताटात तूप. त्यानं ताट उचललं तर हातातून ओढून घ्यायची, "राहू दे रे, मी आहे ना." तीन वर्षं त्या पोरानं पाण्याचा गडू स्वतः भरला नाही. मग त्याला अकोल्याला कापसाच्या जिनात काम लागलं. अक्कानं लाडू बांधून दिले, साडूभाऊंनी स्टँडावरून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडून त्याला गाडीत बसवलं. त्या पावसाळ्यात जालनाला ताप आला. खोलीत एकटा. त्याला पेज करता येत नव्हती, चूल पेटवता येत नव्हती, आणि शेजारच्या दारात जाऊन मला बरं नाही म्हणावं, हेही कधी कुणी शिकवलं नव्हतं, कारण इथं त्याचं तोंड उतरलं की अक्काला कळायचं. शेजाऱ्यांना वाटलं, पोरगं कामावर जात असेल. दार उघडलं तेव्हा उशीर झाला होता. कोपऱ्यात अक्काच्या लाडवांचा डबा होता, धुतलेला नव्हता.

साडूभाऊ अकोल्याहून आले ते ओसरीत उभे राहूनच बोलले, "आजपासून या छपराखाली कोणी कोणासाठी रांधायचं नाही." मला वाटलं, महिन्याभरात विसरतील. पण माझा साडू माझ्यासारखाच हट्टी निघाला, आणि मी सांगतो, अशा दोन हट्टी माणसांना दोन बहिणी देताना सासऱ्यानं याचा विचार करायला पाहिजे होता.

तेव्हापासून त्या घरात येणाऱ्या पोरानं आपली चूल आपण घालायची. आमच्याकडे वेगळी चूल म्हणजे घर फुटलं. भाऊभाऊ वेगळे झाले की बाया पदरानं डोळे पुसतात आणि गावात कुजबुज होते. साडूभाऊंकडे मात्र नवी चूल म्हणजे सण. पोरगं माती आणी, भूस घाली, घोड्याची लीद शोधत टांगेवाल्यामागं फिरे, तुडवे, लिंपे. ओसरीत भिंतीकडेनं चुलींची रांगच. चूल तडकल्याशिवाय वाळली, तिच्यावर पोरगं आपलं आपण रांधू लागलं, बाजारात फसेना झालं, की त्याची गाडी लागली. मग ते आपली चूल पोत्यात गुंडाळून डोक्यावर घेऊन निघे, आणि कंडक्टर लोक ती टपावर चढवायला कुरकुर करत. साडूभाऊ त्यांना दरडावत, "प्रवाशाचं घर आहे ते. सांभाळून."

आता कोणी कोणासाठी रांधायचं नाही, पण साडूभाऊ रोज सगळ्या चुलींसमोर बसून थोडं थोडं खात. त्याला ते तपासणी म्हणत. चिखलीकडे वरण तपासायचं, रिसोडकडे भाकर. मी म्हणालो, "हे तर फुकट जेवण झालं." तर म्हणाले, "जेवणात चव पाहतात, तपासणीत चूक." आणि अक्का खांबाशी बसून राही. साडूभाऊंपुरतं आणि आपल्यापुरतं ती आत करी, पण पोरांच्या चुलींकडे तिला जायची मनाई. एखाद्या पोराची भाकर तव्यावर करपत असली की तिचा हात आपोआप उठे आणि मग ती तो दुसऱ्या हातानं धरून मांडीवर ठेवी. एकदा तिनं रिसोडच्या हातात गुळाचा खडा ठेवला. साडूभाऊंनी पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड करून पंचांग वाचू लागले. त्यांना पंचांग वाचता येत नव्हतं.

पण सगळ्यात मोठं येडेपण म्हणजे आजारी पडायची तालीम. महिन्यातून एकदा एका पोराला घोंगडी पांघरून निजवत. मग त्यानं उठायचं, कण्हत कण्हत चूल पेटवायची, तांदळाची पेज करायची, आणि शेजारच्या दारात जाऊन म्हणायचं, "मले बरं नाही. जरा येता का?" नेमकं एवढंच. पोरांना पेज जमे, हे वाक्य जमत नसे. कोणी दारातून परत येई, कोणी हसे, चिखलीसारखं दांडगं पोरगं तर रडायला लागलं. साडूभाऊ पुन्हा पाठवत. शेजारची शिंपीण इतकी कावली होती की पोरगं दिसलं की शिलाई न थांबवता विचारी, "आज कोणाची पाळी आहे बे? येतो म्हणा, बाही लावून येतो." एकदा साडूभाऊ मला म्हणाले, "साडूभाऊ, तुम्ही म्हणून दाखवा." मी म्हणालो, "मी काऊन म्हणू? मले काय झालं?" ते म्हणाले, "काही नाही. म्हणून दाखवा फक्त." मी चहा अर्धा टाकून उठलो. त्यांनाही मी कधी ते म्हणताना ऐकलं नव्हतं.

अशी पोरं येत राहिली, जात राहिली. एक मोटारगॅरेजात लागला, एक शाळेत घंटा वाजवू लागला, एकानं लग्न करून बायकोला चूल दाखवायला आणलं. मग अक्का गेली. साडूभाऊ निवृत्त झाले, हात थरथरू लागले, तेव्हा त्यांनी नवी पोरं आणणं थांबवलं. उरलं एकटं खामगाव. बुटकं, अबोल, कामाला वाघ. मेहकरला सायकलच्या दुकानात त्याचं काम ठरलं होतं, मालकानं खोलीही पाहून ठेवली होती. पण त्याची चूल वाळेना. घाली, तडके. पुन्हा घाली, पुन्हा तडके. पोपडे सुटून खालून पांढरं फुले. मी वाकून मातीला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. खारी. सरोवराच्या काठची. लोणारातलं शेंबडं पोरही सांगेल की त्या मातीची चूल टिकत नाही. मी साडूभाऊंना म्हणालो, "पोरगं मुद्दाम करून राह्यलं." ते म्हणाले, "मले माहीत आहे. मी तिसरीच चूल चाटली होती."

त्याचं कारणही दोघांना माहीत होतं. ओसरीत आता एकच चूल पेटत होती आणि तपासणी दोन वेळा होत होती. साडूभाऊंना आयुष्यात कधी स्वतःला रांधता आलं नाही. मला वाटायचं, ते सोंग आहे, पोरांनी शिकावं म्हणून. सोंग नव्हतं. खामगावला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. तो गेला तर म्हातारा काय खाईल, म्हणून तो खारी माती आणत होता. आणि साडूभाऊंचा जीव एकाच गोष्टीवर टांगलेला होता. हे पोरगं माझ्या पायाशी अडकलं, तर मी गेल्यावर ते दुसरं जालना होईल. मेहकरचा मालक किती दिवस थांबणार होता?

एके दिवशी साडूभाऊंचा निरोप आला, बायकोला घेऊन या. गेलो. खामगाव कामाला बाहेर गेला होता. साडूभाऊ म्हणाले, "आज मी त्याले माह्या हातची भाकर खाऊ घालणार. म्हणजे त्याचा जीव मोकळा होईन." थरथरत्या हातानं त्यांनी पीठ मळायला घेतलं. अर्धं परातीत, अर्धं धोतरावर. गोळा थापायला गेले तर तो मुठीतच फाटे. कपाळाला घाम आला. शेवटी माझी बायको म्हणाली, "सरा भाऊजी, मी करून देतो, तुमची म्हणून सांगा." तिनं भाकर टाकली. ती चंद्रासारखी गोल आणि टम्म फुगलेली. साडूभाऊ म्हणाले, "ही चालत नाही. जरा खराब कर." तिनं दुसरी केली. तीही तशीच. तिसरीला तिनं डोळे मिटून घेतले, तरी गोलच. बाईच्या हाताला जन्मात वाईट भाकर येत नव्हती, आणि ती रडकुंडीला आली. "नाही जमत हो मले," म्हणाली. मग त्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मळ्याचा मालक. चुलीपुढं मी कधी बसलो नव्हतो आणि बसणारही नव्हतो. पण त्या घरात त्या वेळी खरीखुरी वाईट भाकर करू शकेल असा माणूस मी एकटाच होतो. मी धोतर खोचून बसलो. जे झालं ते मी वर्णन करत नाही. एका बाजूला कच्ची, दुसऱ्या बाजूला कोळसा, आणि आकार आमच्या तालुक्याच्या नकाशासारखा. साडूभाऊंनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि समाधानानं मान हलवली. "वा साडूभाऊ. अगदी माह्या हातची."

खामगाव आला. साडूभाऊंनी ताट पुढं केलं. "खा बे. मी केली. आता मले येते." पोरानं भाकरीकडे पाहिलं, साडूभाऊंच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी छपराच्या वाशांकडे पाहू लागलो. त्यानं ती सगळी खाल्ली, कोळशासकट. पाणी प्याला आणि म्हणाला, "मामा, मीठ कमी आहे." साडूभाऊ म्हणाले, "उद्या टाकीन." दुसऱ्या दिवशी खामगाव शेतातली काळी माती घेऊन आला. चूल वाळली, तडकली नाही. तो गेला त्या दिवशी साडूभाऊ टोपी घालून स्टँडावर आले. नवा कंट्रोलर बाजूला झाला. साडूभाऊंनी थरथरते हात तोंडाशी धरले आणि ओरडले, "मेहकर गाडी लागली आहे हो, मेहकर." चढणारा तो एकटाच होता.

मग माझी बायको रोज डबा करू लागली. सुलतानपूरच्या थांब्यावर मी तो लोणार गाडीच्या कंडक्टरकडे देई. कोणी कोणासाठी रांधायचं नाही, हा नियम होताच, म्हणून साडूभाऊ डबा घेताना कंडक्टरला सांगत, "बेवारस सामान जमा करून घेतलं." संध्याकाळी रिकामा डबा परतीच्या गाडीनं येई, थरथरत्या हातांनी का होईना, पण घासून लख्ख. आमच्याकडे चला, असं मी दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणणं माझ्या स्वभावात नाही.

एक दिवस डबा जड आला. झाकण उघडलं, तर भाकर-भाजी तशीच. मी कंडक्टरला विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "साहेबांनी निरोप देला. मले म्हणले, हेच शब्द सांग, बदलू नको." मग तो बिचारा शाळेतल्या पोरासारखा उभा राहून म्हणाला, "मले बरं नाही. जरा येता का?"

मी चप्पल घातली की नाही, मला आठवत नाही. त्याच कंडक्टरकडून मेहकरला निरोप दिला आणि मिळेल त्या ट्रकनं लोणारला पोचलो. साडूभाऊ अंथरुणात होते. मला म्हणाले, "उशीर केला साडूभाऊ. गाडी तर वेळेवर होती." रात्र चढायच्या आत खामगाव आला, हाताला सायकलचं काळं तेल तसंच. त्यानं एक शब्द विचारला नाही. ओसरीत त्याची एक जुनी, खाऱ्या मातीची तडकलेली चूल अजून पडली होती. तीच त्यानं पेटवली. मी काटक्या देत होतो. पेज ढवळता ढवळता तो हळूच म्हणाला, "काका, ती भाकर तुमची होती ना?"

"कोण म्हणते?"

"मामाचे हात थरथरतात. त्या भाकरीवर बोटं धडधाकट उमटले होते."

"मग गेला काऊन बे?"

"माह्यासाठी दोन म्हातारे पिठात बसले," तो म्हणाला. "अजून किती थांबू?"

त्यानं पेज वाटीत घेतली, फुंकून निववली आणि चमचा साडूभाऊंच्या तोंडाशी नेला. साडूभाऊंनी तोंड मिटून घेतलं. म्हणाले, "तपासणी उद्या करू." खामगाव म्हणाला, "ही तपासणी नाही मामा. मी तुमच्यासाठी केली." साडूभाऊ खांबाकडे पाहत होते, जिथं अक्का बसायची. मग म्हणाले, "तिले करू द्यायला पाह्यजे होतं थोडं." आणि तोंड उघडलं. वाटीभर पेज त्यांनी सावकाश, सगळी घेतली. चूल तोवर टिकली. नंतर विझवताना पाण्याचा थेंब पडला, तशी दोन तुकडे होऊन बसली.

साडूभाऊ त्यानंतर दोन दिवस होते. खामगाव हलला नाही. शेवटचं मडकं त्यानंच धरलं. चिखली, रिसोड आणि बाकीचे सगळे मागं होते, आणि शिंपीण दारात उभी होती.

गोदामात आता पुन्हा सरकी भरतात. ओसरीच्या जमिनीवर चुलींच्या जागी काळी वर्तुळं आहेत. सारवलं तरी वर येतात. खामगाव मेहकरला बरा आहे, आजारी पडला की शेजाऱ्यांना सांगतो, असं कळतं. आणि मी संध्याकाळी सुलतानपूरच्या थांब्यावर जाऊन उभा राहतो, हातात डबा नसतो. परवा एक नवा कंडक्टर खाली वाकून म्हणाला, "बाबा, कुठं जायचं?" मी म्हणालो, "कुठं नाही. लोणारची गाडी वेळेवर आली का, तेवढं पाहतो." तो म्हणाला, "आली ना, समोरच तर उभी आहे." मी म्हणालो, "दिसते रे. पण कोणी तरी सांगावं लागते."